कणाचा शेजार

“मग ते तिथे आलं कुठून?” ताजणे सरांनी विचारलं.

“तेच तर सांगते आहे, सर. वरून आलं.”

“वरून म्हणजे?”

“आकाशातून.”

मृणालने दिलेला दगडाचा तुकडा सरांनी हातात उलटापालटा केला, नाकाशी नेला आणि मग सरळ जिभेला लावला. जुने भूशास्त्रवाले असंच करतात. नव्यांना किळस येते.

“जीभ धरतो,” सर म्हणाले.

मृणालने तिकडे लक्ष दिलं नाही. दगडाची चव ऐकायला ती हैदराबादहून भद्रावतीला आली नव्हती.

मृणाल उरकुडे म्हणजे साधं काम नव्हे. सरांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत सगळ्यात हुशार, आणि कॉलेजात होती तेव्हापासून नाकावर माशी बसू न देणारी. आता हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत होती. दगड पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि त्यात काय काय आहे ते ओळखायचं, हे तिचं काम. परवा नागपूरला देशभरातले जाणकार जमणार होते, आणि तिथे ती आपला शोध सांगणार होती.

शोध असा, की वर्धेच्या खोऱ्यातल्या वाळूच्या एका दगडात तिला एक खनिज सापडलं होतं. पृथ्वीवर ते फार क्वचित मिळतं. जिथे उल्का पडते तिथे मात्र मिळू शकतं. डायनासोरांच्याही आधी इथे एक नदी वाहत होती, तिच्या वाळूत उल्केची धूळ पडली, वाळूचा दगड झाला, आणि तो दगड नेमका मृणालच्या हाती लागला, असं तिचं म्हणणं. खरं ठरलं तर तिचं नाव पुस्तकांत जाणार होतं. खोटं ठरलं तर भर सभेत हसं.

मग सरांकडे कशाला आली? तिने सांगितलं, पाया पडायला. मला विचाराल तर ती घाबरली होती.

“तुम्ही एकदा बघा, सर. बघा आणि हो म्हणा. मग मला कोणाची पर्वा नाही.”

सर तिच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होते. आल्यापासून त्यांचं हेच चाललेलं. तिच्याकडे म्हणून बघत नव्हते. तिला मनातून राग आला होता.

“मृणाल, मला मधलं दिसत नाही.”

“म्हणजे?”

“डोळ्याचा पडदा गेला. समोर धरशील तिथे करडा डाग. कडेचं थोडं दिसतं. तुझा कान दिसतो मला आत्ता, भिंतीकडे बघितलं की.”

...

तिला फार वाईट वाटलं. पण त्याच्याआधी दुसरंच तोंडातून गेलं.

“मग मी दाखवायला कोणाला आले?”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सरांना मात्र त्यात काही लागलं नाही. उलट ते हसले.

“मलाच. तू बघ आणि सांग. मी ऐकतो.”

सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी होता. जुना, पितळी, खाली आरसा असलेला. दुपारचं ऊन आरशात घ्यायचं आणि वर पाठवायचं. त्याच्यावर कापडी टोपरं होतं, काकूंनी शिवलेलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या गेल्या तेव्हा मृणालने फोन केला होता. यायला जमलं नव्हतं.

टोपरं स्वच्छ धुतलेलं होतं. दारात त्या दिवसाचा पेपर घडी न मोडलेला पडला होता. वाचता येत नाही, मग पेपर कशाला, असं तिने विचारलं, तर सर म्हणाले, “सकाळी सायकल दारात थांबते ना, म्हणून.”

तिने स्लाइड, म्हणजे काचेवर चिकटवलेला दगडाचा पातळ काप, काढली, तबकडीवर ठेवली आणि डोळा लावला.

“काय दिसतं?”

“क्वार्ट्झ भरपूर. फेल्डस्पार थोडं. अभ्रकाच्या एकदोन काड्या. लोखंडाचा तांबूस लेप...”

“नावं नको सांगू. त्यांची माझी जुनी ओळख आहे. दिसतं काय, ते सांग.”

मृणालने श्वास सोडला. पहिल्या वर्षाच्या पोरीसारखं तिला बसवलं होतं.

“पांढरे, करडे कण. गोलसर.”

“कडा?”

“झिजलेल्या.”

“कोणी झिजवल्या?”

“नदीने, सर. मी काही पहिल्या वर्षाला नाही.”

“नाहीस. म्हणूनच तुला जड जातंय.”

बाहेर कुठेतरी कोणी लाकूड फोडत होतं, तेवढाच आवाज. एवढ्या शांत घरात माणूस दिवसभर करतो तरी काय, असं तिच्या मनात आलं.

“वरचा फिल्टर आत घे,” सर म्हणाले, “आणि तबकडी फिरव. हळू.”

तिने फिरवली. असं केलं की कण एकेक करून विझतात आणि पुन्हा उजळतात. हे तिने आयुष्यात इतक्या वेळा पाहिलं होतं, की आता बघायचं सोडून दिलं होतं.

“मधला घे. कसा विझतो?”

“एकदम नाही. एका बाजूने सावली येते... सरकत सरकत दुसऱ्या बाजूला जाते.”

“का?”

“दाबला गेला आहे. या दगडात यायच्या आधी, जुन्या डोंगराखाली.”

“अजून आठवण आहे त्याला.” सरांनी मान हलवली. “आता तुझा दाखव.”

मृणालचा आवाज बदलला. तिला वाटलं, आलं एकदाचं.

“हा बघा... म्हणजे ऐका. निळसर हिरवा. कडा चाकूसारख्या. आजूबाजूच्यांत असा उठून दिसतो की विचारू नका. तबकडी फिरवली की रंग काय एकेक.”

“धारदार आहे?”

“आहे ना.”

“म्हणजे नदीतून वाहत आलेला नाही.”

“वरून पडला, सर. वाहणार कशाला? तेच तर म्हणते आहे.”

“विझतो कसा?”

“एकदम. स्वच्छ.”

“चालेल. तसेही असतात काही.” सर थांबले. “मशीनवर घातलास?”

“घातला. रसायन तंतोतंत तेच निघालं. नावाबद्दल शंकाच नाही.”

“नावाचं भांडण नाहीच आपलं.”

आता मृणाल चिडली. सरांच्या मनात काय आहे ते तिला आल्यापासून माहीत होतं. कोणत्याही जाणकाराच्या मनात पहिलं तेच येणार होतं. हे खनिज कारखान्यातही करतात आणि त्याची पूड करून विकतात. काचेवर ती पूड आणि पाणी घेऊन त्यावरच दगड घासतात, पार कागदाहून पातळ होईपर्यंत. स्लाइड अशीच तयार होते. तेव्हा पुडीचाच कण स्लाइडमध्ये राहून गेला, असं कोणीही म्हटलं असतं.

“सर, पुडीचं मनात आणू नका. माझ्याही मनात आलं होतं. मी धुतलं होतं. ब्रश लावून, नळाखाली धरून.”

“तू धुतलंस?”

“मी.”

“घासलं कोणी?”

“मीच.”

“आणि बघितलं?”

“मीच, सर. दुसऱ्या कोणाच्या हाती कशी देणार?”

...

मृणालला एकदम काकूंची आठवण झाली.

या घरात एक रीत होती. घासणाऱ्याने बघायचं नाही. सरांनी स्लाइड घासली की ती काकूंकडे जायची. काकू ती खिडकीत उजेडासमोर धरायच्या, तांदूळ निवडताना बघावं तशा बघायच्या आणि म्हणायच्या, अजून धू. काकूंनी घासली तर सर बघायचे आणि तेही हटकून तेच म्हणायचे. त्यावरून दोघांचे रोज खटके उडायचे. आपल्या हातच्या कामातली घाण आपल्याला दिसत नाही, म्हणून ही रीत. विद्यार्थी आले की त्यांनाही जोडीजोडीने बसवायचे. मृणालला ते अजिबात आवडायचं नाही. तिला सगळं एकटीने करायचं असायचं.

“परत डोळा लाव,” सर म्हणाले. “फिल्टर काढून टाक. तो दाबलेला कण घे. त्याच्या शेजारी कोण आहे?”

“शेजारी?”

“हो.”

“दुसरा क्वार्ट्झ.”

“दोघांच्या मधे जागा किती?”

“जागा नाही. एकमेकांत घुसलेत. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसला आहे.”

“हात दे.”

मृणालने मान वर केली. सरांनी मूठ वळून पुढे धरली होती.

“तूही मूठ कर. लाव माझ्या मुठीला. बोटांची हाडं एकमेकांत बसू दे. हं. आता दाब.”

तिने दाबलं. सरांनीही दाबलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून चांगली ताकद होती. तिला दुखलं, पण ती सोडणार नव्हती, आणि सरही सोडणार नव्हते. बराच वेळ दोघं तशीच बसली.

आधी सर हसले.

“सोड आता. काय दिसतं?”

तिच्या बोटांवर पांढऱ्या खुणा उठल्या होत्या. सरांच्या बोटावर तिच्या अंगठीचा वळ होता. तो जायला वेळ लागत होता. सर त्याच्यावरून अंगठा फिरवत होते. किती दिवसांत त्यांचा हात कोणी धरला नसेल, हे तिला तेव्हा कळलं.

“आता तुझ्या कणाचा शेजारी सांग,” सर म्हणाले.

मृणाल वाकली. तिने कण मधोमध आणला. स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे.

...

“सांग ना.”

...

“मृणाल?”

“बघते आहे, सर.”

ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. कणाच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वर, खाली. कितीतरी महिने तिने हा कण बघितला होता. त्याचा रंग, त्याची चकाकी, त्याच्या धारा तिला पाठ होत्या. त्याच्या आजूबाजूला मात्र तिने एकदाही बघितलं नव्हतं.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“कोणी नाही, सर. चारी बाजूंनी डिंक आहे. नुसता डिंक.”

डिंक म्हणजे दगड काचेला चिकटवायला वापरतात तो. तिने दुसरा निळसर कण शोधला. तोही दगडाच्या एका भोकात, डिंकात तरंगत होता. तिसराही तसाच. त्यांतला एकही दुसऱ्या कोणाला टेकलेला नव्हता. कोट्यवधी वर्षं दगडात राहिले असते, तर कोणीतरी त्यांना दाबलं असतं. निदान कोणाची कड तरी लागली असती.

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

“डिंक आधी पाजला होतास का दगडाला? घासायच्या आधी?” सरांनी हळूच विचारलं.

नव्हता पाजला. दगड सच्छिद्र असला की घासण्याआधी तो पातळ डिंकात बुडवून ठेवायचा, म्हणजे भोकं भरतात आणि पूड आत शिरत नाही. हे तिला याच घरात शिकवलं होतं. दगडाला भोकं आहेत की नाहीत, ते कळायला तो जिभेला लावायचा. भोकं असली की तो जीभ ओढून धरतो. हेही तिला इथेच शिकवलं होतं.

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं,” मृणाल म्हणाली. “आल्या आल्या.”

“शंका आली होती. बघितलं तू.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलू दिलंस का?”

हे खरं होतं. मृणाल रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने स्लाइड काढली, तळहातावर ठेवली आणि बघत बसली. एवढ्याशा काचेसाठी तिने किती महिने घालवले होते. घरी धड गेली नव्हती. कोणाशी धड बोलली नव्हती.

“तिकडे तुझ्या बाजूला कोण बसतं?” सरांनी विचारलं.

“रमणा म्हणून आहे एक. चांगला आहे. डबा एकत्र खायचो आम्ही.”

“खायचो?”

“हे सापडल्यापासून नाही. मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर त्याचंही नाव लावावं लागलं असतं.”

“मग डबा?”

“खोलीत एकटीच खाते.”

सरांनी ‘हं’ केलं. मग उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. कप भरताना ते कपात बोट धरून होते. चहा बोटाला लागला की ओतणं थांबवायचे. फडताळात खिळ्याला आणखी एक कप टांगलेला होता. तो त्यांनी काढला, फुंकला, पुन्हा धुतला आणि तिला त्यातून चहा दिला.

तिने चहा संपवला.

“परवा मी बोलणार नाही,” शेवटी ती म्हणाली.

“बरं.”

“माझ्या तोंडाकडे बघून हसतील लोक. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलेलं आहे.”

“हसतील.”

“तुम्ही निदान नाही म्हणा, सर.”

“हसतील, मृणाल. मग जेवायला जातील.”

ती अंगणात जाऊन फोन करून आली. फोनवर जास्त बोलली नाही. नागपूरच्या माणसाला तिने सांगितलं की माझ्या घासण्यात चूक झाली आहे, माझा शोध मागे घेते. मग तिथेच जरा वेळ उभी राहिली. तिला रमणाला फोन करावासा वाटला, पण मन धजेना.

“सांगितलं,” आत येऊन ती म्हणाली.

“चला. म्हणजे परवापर्यंत मोकळी आहेस.”

“मोकळी म्हणजे अगदीच मोकळी. निघते आता. संध्याकाळची गाडी मिळेल.”

सर खुर्चीत बसले होते. ते भिंतीकडे बघत होते, म्हणजे तिच्याकडे. दगडाचा तुकडा अजून त्यांच्या मांडीवर होता.

“यातला उरला आहे की,” ते म्हणाले.

“राहू दे तुम्हाला. माझ्या काय कामाचा?”

“आत काय आहे, ते अजून कुठे बघितलं कोणी?”

...

मृणालने पर्स खांद्याला लावली होती. ती काढून तिने खाली ठेवली.

“ओट्याखाली सामान आहे,” सर म्हणाले.

तिने वाकून बाहेर काढलं. घासायची जाड काच. जाड पुडीचा डबा, मध्यम पुडीचा डबा, बारीक पुडीचा डबा. प्रत्येक डब्याचं वेगळं घमेलं आणि वेगळा ब्रश, एकाची पूड दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. डिंकाची वाटी. बसायचे दोन पाट. कशावरही धुळीचा कण नव्हता.

“रोज पुसता?”

“रोज.”

“कशाला, सर? घासायला कोणी येतं का?”

“नाही.”

तिने एक पाट मांडला. मग दुसराही समोर मांडला. डिंक मंद आचेवर ठेवला. तो पातळ झाला तसा घरभर त्याचा वास सुटला. ती या घरात रोज यायची तेव्हा हाच वास असायचा. काकू गेल्या तेव्हा आपण यायला हवं होतं, असं ती मोठ्याने म्हणाली.

“हो,” सर म्हणाले. “यायला हवं होतंस.”

तिने दगड वाटीत सोडला. त्याच्यातून बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. दगडाची भोकं भरत होती.

“याला वेळ लागेल,” ती म्हणाली. “गाडी जाईल.”

“उद्याही असते.”

बुडबुडे थांबेपर्यंत दोघं बसून राहिली. मग तिने दगड काढला, निथळला, सुकायला खिडकीत ठेवला आणि बाह्या वर सारल्या. तेवढ्यात तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती थांबली.

“पण सर, रीत आहे ना आपली. घासणाऱ्याने बघायचं नाही.”

“आहे.”

“मग मी घासल्यावर बघणार कोण?”

...

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, उजेडासमोर धरल्या, पुन्हा पुसल्या. मग चष्मा लावून ते समोरच्या पाटावर येऊन बसले.

“घास तू,” ते म्हणाले. “मी बघतो.”